पान न गळणारी झाडं

आमच्या नंदुरबारात आता लकी बांबू मिळतो. काचेचं भांडं, तळाशी रंगीत गोटे, त्यावर बोटभर पाणी आणि लाल रिबिनीने एकत्र बांधलेल्या हिरव्यागार कांड्या. वास्तुशांतीला द्यायला भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बरा, म्हणून लोक घेतात. मीही दिलेला आहे. वनस्पतिशास्त्राचं मात्र या बांबूबद्दल म्हणणं असं, की तो बांबू नाहीच. तो ड्रॅसिना. मूळ मुलूख कॅमेरूनच्या आसपासचा, मध्य आफ्रिकेतला. बांबू हे जातीने गवत, आणि ड्रॅसिना कुळाने शतावरीचा भाऊबंद. म्हणजे नावातला बांबू खोटा निघाला. राहिला लकी, तो ज्याच्या त्याच्या पत्रिकेवर.

खऱ्या बांबूची आमच्याकडे वाण नाही. शहादा सोडून म्हसावदवरून धडगावच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या उतारांवर तो भेटतो. बारीक पेरांचा, काटक, उन्हाळ्यात पार वाळून गेल्यासारखा दिसणारा. त्याच्याभोवती कुणी लाल रिबीन बांधत नाही. मान मात्र मोठा मिळतो, तो होळीला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. उंचच उंच बांबू जंगलातून वाजतगाजत येतो, त्याच्यासाठीचा खड्डा हातांनी उकरतात, रात्रभर ढोल चालतो आणि पहाटे होळी पेटते. कंबरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये आणि बावे त्याच्याभोवती नाचतात. हा बांबू दिवाणखान्यात ठेवायचा म्हटलं तर दिवाणखान्याला छप्पर ठेवता येणार नाही.

सरकारदरबारीही या बांबूची बरीच तारांबळ झालेली आहे. १९२७च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं, आणि २०१७ साली कायदा बदलला तेव्हा कुठे जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूची झाडपणातून सुटका झाली. नव्वद वर्षं कायदा गवताला झाड समजत होता. आता बाजार शतावरीच्या भावाला बांबू समजतो. प्रगती आहे म्हणायची.

हे सगळं सुचण्याचं कारण माझ्या चुलतभावाचा बंगला. शहराच्या कडेला नव्या कॉलनीत त्याने तो बांधला आणि आतली सजावट सुरतेच्या एका डिझायनरकडे दिली. आमच्याकडे लग्नाच्या साड्या, सोनं आणि हल्ली भिंतीही सुरतेच्या असतात. मुंबई-पुण्यापेक्षा ती जवळ. या डिझायनरने पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, थीम काय ठेवायची?" भाऊ कापसाच्या व्यापारातला. त्याने ती वहिनीकडे ढकलली आणि वहिनीने, मोबाइलवर बघून ठेवलेलं होतं म्हणून, सांगितलं, "निसर्ग."

मग निसर्ग टेम्पोने आला. हॉलमधल्या मोठ्या भिंतीवर देवदारच्या जंगलाचा वॉलपेपर, धुक्यासकट. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकून असतो, तिथे हे धुकं भारी वाटतं. जमिनीला लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशा. त्यांत लाकडाच्या गाठीही काढलेल्या, फक्त तीच गाठ दर चौथ्या फरशीला पुन्हा येते. जिन्याखाली पांढरे गोटे आणि त्यांत एक झाड, ज्याला पाणी घालायचं नाही, फडक्याने पुसायचं. वरच्या गॅलरीत प्लास्टिकचं गवत. तिथल्याच एका भिंतीला काळ्या प्लास्टिकच्या कप्प्यांची चळत आणि त्यांत मात्र खरी रोपं, ठिबकच्या नळीसकट. यालाच व्हर्टिकल गार्डन म्हणतात. आमच्या शेतात केळीला ठिबक आहे, तशीच नळी. फक्त केळ आडवी पसरत जाते आणि हा बगीचा भिंतीला टेकून उभा.

वास्तुशांतीला खेड्यावरून काकू आल्या होत्या. चप्पल काढून त्या गॅलरीतल्या गवतावर उभ्या राहिल्या, जरा वेळाने पाय उचलून तळवा पाहिला.

"हाई काय शे भो? गवत शे का चटई?"

"गवतच आहे काकू. प्लास्टिकचं."

"ढोरं खातंस का?"

"नाही."

"मंग कसानं गवत?"

याचं उत्तर डिझायनरजवळ होतं. तो म्हणाला, हे परदेशात खूप चालतं. खरंच चालतं, आणि त्याची सुरुवात कशी झाली तेही मोठं मजेचं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली एक प्रचंड मोठं स्टेडियम बांधलं, ॲस्ट्रोडोम, वर घुमटासारखं छप्पर असलेलं. आतलं गवत जगावं म्हणून छपराला पारदर्शक तावदानं बसवली. झालं काय, की उजेडाच्या तिरिपेने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांना रंग फासला. मग खेळाडूंना चेंडू दिसू लागला आणि गवताला ऊन दिसेनासं झालं. गवत मेलं. तेव्हा पुढच्या वर्षी तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्याचं नावच त्या स्टेडियमवरून पडलं, ॲस्ट्रोटर्फ. आधी छप्पर, मग रंग, मग प्लास्टिक. भावाच्या गॅलरीतही हाच क्रम आहे: पावसाचं पाणी येतं म्हणून पत्रा, पत्र्यामुळे काही उगवत नाही म्हणून गवताची चटई.

थट्टा सोडली तर या हौसेच्या मागे शास्त्र आहे, आणि ते मला पटतं. १९८४ साली एडवर्ड विल्सन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 'बायोफिलिया' हे पुस्तक लिहिलं. माणसाला इतर जिवांची ओढ जन्मजातच असते, असं त्याचं सांगणं. हा गृहस्थ जन्मभर मुंग्यांचा अभ्यास करणारा. मुंग्या दिसल्या की लक्ष्मणरेखेचा खडू शोधणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात त्याची ही ओढ किती टिकली असती, कुणास ठाऊक. त्याच वर्षी रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे जुने कागद चाळून एक निबंध छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले काही रोगी असे, की ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत. काहींच्या खिडकीसमोर नुसती विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. पाऊण दिवस म्हणजे काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. ज्याने रुग्णालयाचं बिल भरलंय, तो नाही म्हणणार.

तिसरा पुरावा नर्सरीवाले हटकून सांगतात तो नासाचा. १९८९ साली नासासाठी झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की घरातली झाडं हवेतली काही घातक रसायनं शोषून घेतात. हे खरं, पण ते प्रयोग झाले बंद पेटीत. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा बऱ्याच प्रयोगांची आकडेमोड एकत्र मांडली. इमारतीत एरवी जी हवा खेळते, तिच्याइतकी सफाई झाडांकडून करून घ्यायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असं निघालं. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. कमीत कमी एकशेदहा कुंड्या. एवढ्या कुंड्या मांडल्यावर हवा शुद्ध होईल, फक्त ती घ्यायला माणूस उभा कुठे राहणार हा प्रश्न. त्यापेक्षा खिडकी उघडावी.

आता नंदुरबारात खिडकी उघडायची, तर महिना कोणता ते आधी पाहावं लागतं. दिवाळीनंतर ओली लाल मिरची बाजारात यायला लागते आणि गावाच्या कडेच्या मोकळ्या रानांवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. रस्त्यावरून जाताना एका बाजूला नजर जाईल तिथवर लाल जमीन. बायका रांगेत बसून मिरची निवडतात, देठ खुडतात. तोंडाला रुमाल, हाताला फडकं बांधलेलं, तरी रात्री घरी गेल्यावर लेकराला हात लावायची पंचाईत. वारा तिकडून फिरला की सबंध गावाला एकदम ठसका लागतो. सभेत वक्ता शिंकतो, अध्यक्ष शिंकतात, आभार मानणारा उठण्याआधीच शिंकतो. बाहेरगावचा पाहुणा घाबरून विचारतो, काही जळतंय का. काही जळत नसतं, बाजार तेजीत असतो. घरात निसर्ग आणण्यासाठी आम्हाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, तो नाकातून येतो. भावाच्या डिझायनरने हॉलमध्ये लॅव्हेंडरच्या वासाचं यंत्र बसवलंय. डिसेंबरात लॅव्हेंडर आणि मिरची यांचा जो संगम तिथे होतो, त्यापुढे प्रकाशा गावचा तापी-गोमाईचा संगम सौम्य म्हणावा.

तरीही खिडकी उघडीच असावी, या मताचा मी आहे. हे मत माझं झालं ते मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरच्या घरात बसून. डोंगरातली वस्ती आपल्यासारखी एकाला एक चिकटून नसते. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, उतारावर, हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढ्या अंतराने. हे घर खाली वाकून शिरावं असं. खांब सागाचे, वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके ठेवलेले आणि त्या बेचक्यात तुळई बसवलेली, खिळा नाही. भिंती बांबूच्या फाकांच्या, विणून उभ्या केलेल्या आणि शेणमातीने लिंपलेल्या. लिंपण मात्र छपरापर्यंत नेलेलं नव्हतं. वरचा हातभर भाग उघडाच, आणि त्या विणीतून दुपारचं ऊन जमिनीवर चौकटी-चौकटींनी पडलेलं. शहरात यालाच जाळीची भिंत म्हणून चौरस फुटावर पैसे घेतात.

डोळे अंधाराला सरावले तशा वस्तू दिसायला लागल्या. उजव्या अंगाला बैल. त्याच छपराखाली, मधे एक आडवं लाकूड एवढीच हद्द. बैलाचं रवंथ आणि आमचं बोलणं एकाच सुरात चाललेलं. चुलीच्या वर बांबूचा माळा, त्यावर बियाण्याच्या टोपल्या. तुळईला मक्याची कणसं सालपटाची शेंडी बांधून ओळीने टांगलेली, धुराने काळीभोर. धुरामुळे कीड लागत नाही. तोच धूर वर छपरात जाऊन बांबूही राखतो. कोपऱ्यात ज्वारीची कोठी, बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. खुंटीला पोकळ केलेला भोपळा, त्यात बी राखेत घालून ठेवलेलं. एका टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझी दखल घेण्याचं कारण नाही असं ठरवलं. बाहेर काकडीचा वेल भिंतीवरून चढून कौलांवर गेला होता. घरधनीण काठी घेऊन बाहेर गेली, छपरावरून काकडी पाडली आणि पाहुणचाराला तीच आली.

मी माझा शहरी प्रश्न विचारला, गुरं घरात कशाला? घरचा म्हातारा म्हणाला, "बाहेर बांधली तर बिबट्याची सोय होते, दादा." त्या घराचं डिझाइन कुणी केलं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आलं.

बांबू कधी तोडायचा यालाही तिथे हिशेब आहे. पावसाळा संपल्यावर, थंडीत, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. चंद्राचं मी काही सांगू शकत नाही. पण बांबूत पिष्ट जास्त असलं की भुंगे येतात, एवढं शास्त्रालाही कबूल आहे. नवा फुटवा तोडायचा नाही, जुना तोडायचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे वेचून आणून अंगणात वाळत घालतात, मग घरात ठेवतात, आणि काही आठवडे सबंध घराला तो गोडसर, किंचित आंबूस वास येतो. कुठल्याही यंत्रात मिळत नाही.

हे वाचून कुणाला डोंगरात राहायला जावंसं वाटेल, म्हणून पुढचं सांगतो. सारवण म्हणजे काव्य नव्हे. ते काम बायकांच्या वाट्याचं. शेण आणायचं, माती आणायची, कालवायचं, ओणवं होऊन हाताने पसरायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात. चाळली तरी आषाढात कुठेतरी धार लागतेच आणि ती नेमकी अंथरुणावर. धूर बियाणं राखतो, तसा डोळेही जाळतो. त्यामुळे शबरी योजनेतून घरकुल मिळालं आणि कुणी स्लॅबच्या घरात राहायला गेलं, तर त्याला शेणमातीची थोरवी सांगायला मी जाणार नाही. ती सांगणारे बहुतेक जण मातीच्या भिंतीला एसी बसवलेल्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहून आलेले असतात.

आणि काहींना ते घर सोडायचं नव्हतं, तरी सोडावं लागलं. सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठची मणिबेलीसारखी गावं गिळली, तेव्हा माणसं तळोद्याकडे सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहतींत आली. येताना कितीतरी जणांनी घराचे सागाचे खांब आणि कौलं उतरवून बरोबर आणली. सपाटीवर, आखून दिलेल्या प्लॉटांच्या रांगेत ते खांब पुन्हा उभे राहिले. घराच्या बाहेरचा डोंगर, नदी आणि मासे मात्र उतरवून आणता येण्यासारखे नव्हते.

आमच्या सपाटीवरच्या खान्देशातही निसर्ग घराच्या डोक्यावर बसायचा. जुन्या गावठाणात धाब्याची घरं अजून थोडीफार शिल्लक आहेत. सागाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला, आणि वर जाड मातीचा थर. उन्हाळ्यात बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारवा. उजेडाला छतात एक साणं, त्यातून उन्हाचा खांब खाली उतरायचा आणि घरातल्या बाया त्याच्या जागेवरून वेळ सांगायच्या. पहिला पाऊस झाला की धाब्यावर गवत उगवायचं. मग वर चढून छपराची निंदणी करायची, कारण मुळं खोल गेली की गळती ठरलेली. आज शहरांत ग्रीन रूफ या नावाखाली मुद्दाम माती टाकून छपरावर गवत लावतात, त्याचे तज्ज्ञ असतात, परिषदा होतात. आमचे आजोबा ते उपटून खाली फेकायचे आणि वरून शिव्याही घालायचे.

खरं तर मराठी घरात निसर्ग आणायला डिझायनर कधी लागलाच नाही. पंचांग लागायचं. पाडव्याला कडुनिंबाची डहाळी, आखाजीला पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर डांगर नि आंबे, श्रावणात कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब, दसऱ्याला झेंडूचं तोरण. प्रत्येकाची घरात येण्याची तिथी ठरलेली आणि जाण्याचीही. पाचव्या दिवशी तोरण सुकलं तरी कुणी खंत करत नाही, ते सुकण्यासाठीच असतं. यातलं मला सगळ्यात आवडतं ते घट बसवणं. शेतातली काळी माती आणायची, चाळायची, पत्रावळीवर पसरायची, सात धान्यं पेरायची, मधे घट. देवघरात, म्हणजे घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, सरळ शेती. तिसऱ्या दिवशी माती तडकते, पाचव्या-सहाव्याला पोपटी नसलेले, पिवळे कोंब सरसर वर येतात. ऊन नसल्यामुळे हिरवा रंग धरत नाही आणि उजेड शोधत ते भलतेच उंच होतात, हे शाळेत शिकलो. घरात मात्र धन किती उंच आलं यावरून यंदाच्या पिकाचा अंदाज चालतो. लहान मुलांना त्या दिवसांत देवघरासमोरून उठवावं लागतं. दसऱ्याला तेच धन टोपीत खोवून पुरुष मंडळी सोनं लुटायला निघतात, आणि वर्षभर शेतात न फिरकलेल्या वकिलाच्या टोपीवरही नऊ दिवसांची ज्वारी डोलत असते.

मग आताच्या सजावटीत काय खटकतं? झाडं नव्हेत. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा असला, अरेका पाम मादागास्करचा असला, तरी माझी हरकत नाही. आमच्या शेतातला मका नि मिरचीही अमेरिकेतून आलेली. खटकतो तो आपला करार. निसर्गाने यावं, पण पान गाळू नये, माती सांडू नये, वाढलाच तर वरच्या दिशेने आणि बेताने वाढावं, बरोबर कुणाला आणू नये. हॉलमध्ये पितळी पक्ष्यांचा थवा भिंतीवर उडत असतो आणि गॅलरीला कबुतरांसाठी जाळी. स्नेक प्लांट कोपऱ्यात शोभून दिसतो. पावसाळ्यात मोरीतून एखादा अस्सल आला की सर्पमित्राला फोन. जुन्या घरात आजोबांच्या तसबिरीमागे चिमणी काड्या आणायची. तसबीर जरा तिरपी लावलेली असल्यामुळे मागे जागा असायची. आजोबांच्या मिशीवर काडी लोंबत असली तरी पिल्लं उडून जाईपर्यंत कुणी फोटो पुसत नसे. आता फोटो भिंतीला सपाट चिकटलेले. चिमण्या कमी झाल्या म्हणून आपण हळहळतो आणि त्यांच्यासाठी लाकडी घरटं ऑनलाइन मागवतो. ते दिसायला इतकं सुबक असतं की चिमणीला बहुधा भाडं परवडत नसावं.

भावाच्या गॅलरीतली ती उभी बाग पहिल्या उन्हाळ्यातच गेली. डिझायनरचा दोष नव्हता. पश्चिमेची भिंत, काळे कप्पे, वर पत्रा. मे महिन्यात त्यात हात घातला तर माती पोळायची. नाजूक परदेशी रोपं आठवड्याभरात कागदासारखी झाली. ठिबक चालूच होतं, त्यातून येणारं पाणीही गरम. वहिनी म्हणाली, इथे प्लास्टिकची पानंच लावून टाकू, एकदाचा खर्च. भावाने मान डोलावली.

आषाढात काकू महिनाभर राहायला आल्या. त्यांचा हात रिकामा राहत नाही आणि बंगल्यात तर करायला काहीच नव्हतं. सारवायचं नाही, पाखडायचं नाही, अंगण नाही. त्यांनी त्या कप्प्यांतली मेलेली रोपं उपसून टाकली. शेतातून येणाऱ्या गड्याकडून पोतंभर माती नि शेणखत मागवलं, ते जिन्यावरून वर जाताना लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशांवर जे काही झालं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मग वरच्या रांगेत मेथी, मधे कोथिंबीर, खालच्या रांगांत गावाकडून फडक्यात बांधून आणलेलं मिरचीचं बी. पत्र्याचे दोन तुकडे गड्याकडून काढून घेतले. पाऊस थेट आत यायला लागला, त्याबरोबर मुंग्या आल्या, मागोमाग बुलबुलाची जोडी आली, तिने प्लास्टिकच्या गवताचे तंतू उपसून नेले. त्या गवताचा एवढा तरी उपयोग झाला.

दसऱ्याच्या सुमाराला डिझायनर आला. त्याला आपल्या कामाचे फोटो काढायचे होते, जाहिरातीसाठी. वॉलपेपरसमोर काढले, जिन्याखालचे काढले, आणि वर गॅलरीत आल्यावर तो थांबलाच. भिंतभर हिरवी झाडं आणि त्यांत लालभडक मिरच्या लटकलेल्या. त्याने चारी बाजूंनी फोटो घेतले. ही कुठली जात, सुरतेला मिळेल का, बाकीच्या क्लायंटना दाखवता येईल, असं काय काय विचारत राहिला. बोलता बोलता एक मिरची तोडली, दोन बोटांत मोडून बी पाहिलं, आणि कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला.

"तिखट शे भो," काकू पाटावरून न उठता म्हणाल्या, "डोयाले हात लावू नको."